मासा नव्हे, पाणी सांभाळा



मी कविता लिहितो. पण खरं सांगायचं तर आमच्या सोलापुरातल्या गल्लीत लोक माझं दार वाजवतात ते कवितेसाठी नव्हे, माशांसाठी. गेली पंचवीस वर्षं माझ्या घरात काचेची टाकी आहे आणि तिच्यात मासे आहेत. त्यामुळे सकाळी सकाळी एखादं पोर धापा टाकत येतं आणि म्हणतं, ‘चाचा, कालचा मासा उलटा झालाय, लवकर चला!’ मी चपला सरकवतो आणि जातो. बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. घरातली माणसं टाकीभोवती उभी असतात आणि एखादी आजी हळू आवाजात म्हणते, ‘जाऊ दे बाळा, घरावर काहीतरी येणार होतं, ते त्या मुक्या जिवानं अंगावर घेतलं.’

हा समज आपल्याकडे चांगलाच रुजला आहे. घरात आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ मासे ठेवले की भरभराट होते आणि त्यातला एखादा मेला तर समजावं, संकट टळलं. आजीच्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे. रडणाऱ्या नातवाला धीर देण्याचा तो एक मार्ग आहे, हेही मला कळतं. पण या समजुतीत एक मोठी गैरसोय आहे. मासा का मेला, हे मग कुणी विचारत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच पाण्यात नवा मासा येऊन पडतो आणि आठवड्याभरात तोही ‘संकट’ अंगावर घेतो. आज मला बोलायचं आहे ते या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल.

मासा कशाने मरतो? दहांतल्या आठ घरी मला एकच उत्तर सापडतं. तो स्वतःच्याच घाणीने मरतो. माझं शिक्षण बी.ए.पर्यंतचं, तेही मराठी घेऊन. तेव्हा रसायनशास्त्र मला जेवढं कळलं तेवढंच सोपं करून सांगतो. मासा कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं, कुजलेलं खाद्यही अमोनियाच तयार करतं. नदीत, तळ्यात हा अमोनिया अफाट पाण्यात विरून जातो. काचेच्या टाकीत तो जाणार कुठे? तो साठतो आणि माशाचे कल्ले भाजून काढतो. मासा वर येऊन तोंड उघडझाप करतो. आपल्याला वाटतं, बघा कसा बोलतोय. तो बोलत नसतो, त्याचा जीव गुदमरत असतो. आणि पाणी मात्र दिसायला आरशासारखं स्वच्छ असतं. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही, हीच यातली मेख आहे.

निसर्गाने यावर उपाय ठेवला आहे. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते पुष्कळच सौम्य असतं आणि थोडं थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. हे जिवाणू टाकीतल्या खड्यांवर, काचेवर आणि मुख्यतः फिल्टरच्या स्पंजावर वस्ती करतात. ही वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आपण काय करतो? रविवारी टाकी आणतो, पाणी भरतो आणि त्याच संध्याकाळी नऊ मासे सोडतो. जिवाणूंचा पत्ता नाही, अमोनिया मात्र पहिल्या तासापासून सुरू.

घरी दही लावायचं तर आपण नुसतं दूध ठेवून वाट पाहत बसतो का? शेजारून विरजण आणतो. टाकीचंही तसंच आहे. ज्याच्याकडे वर्षानुवर्षं निरोगी मासे आहेत, त्याच्या फिल्टरचा स्पंजाचा तुकडा ओलाच आणून आपल्या फिल्टरमध्ये ठेवायचा. काम लवकर होतं. विरजण मिळालं नाही तर टाकी भरून, फिल्टर चालू ठेवून, रोज चिमूटभर खाद्य टाकत महिना-दीड महिना थांबायचं. पाण्यातला अमोनिया आणि नायट्राइट तपासायचे थेंबांचे संच बाजारात मिळतात. खाद्य टाकत असूनही दोन्ही शून्यावर आले की मग मासे आणायचे, तेही एकदम नव्हे, दोन-तीन करून.

आता एक गंमत सांगतो. ज्या घरी सगळ्यात जास्त टापटीप, त्या घरी मासे सगळ्यात लवकर मरतात! दर आठ दिवसांनी मासे बादलीत काढायचे, टाकी घासायची, खडे नळाखाली खळखळून धुवायचे, स्पंज पिळून पांढराशुभ्र करायचा. झालं! जिवाणूंची सगळी वस्ती गटारात गेली आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर आली. माशांच्या घरात साबण तर कधीच नको. आठवड्याला एक चतुर्थांश पाणी काढावं, तेवढंच नवं घालावं. स्पंज मळला तर त्याच काढलेल्या पाण्यात दोनदा हलवून पुन्हा जागेवर ठेवावा. थोडा मळका राहिला तर राहू द्यावा. तो मळ म्हणजेच टाकीचा जीव आहे.

दुसरा मुद्दा भांड्याचा. सिनेमात, जाहिरातीत दिसतो तो काचेचा गोल वाडगा आणि त्यात एकटा सोनेरी मासा. चित्र सुंदर, पण त्या माशाला तो तुरुंग आहे. वाड्यात पाणी थोडं, वर तोंड निमुळतं, त्यामुळे हवा लागायला जागा कमी. इटलीतल्या रोम शहराने २००५ साली गोल वाडग्यात मासे ठेवायला बंदी घातली, ती काही उगीच नव्हे. गोल्डफिश हा मुळात चीनमधला, हजार वर्षांपूर्वीपासून लोकांनी तळ्यांत आणि हौदांत वाढवलेला, कार्पच्या कुळातला मासा. तो वीतभर सहज वाढतो आणि नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षं जगतो. इंग्लंडमध्ये १९५६ साली जत्रेत बक्षीस मिळालेला एक गोल्डफिश १९९९ साली मेला, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी! आपल्याकडे तो त्रेचाळीस दिवस काढतो. ‘टाकी लहान असली की मासा तेवढाच राहतो’, असं दुकानदार सांगतात. तो लहान राहत नाही, खुरटतो. लहान चपलेत कोंबलेल्या पोराच्या पायासारखी त्याची गत होते.

दोन गोल्डफिश ठेवायचे असतील तर निदान अडीच फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच टाकी घ्या. काठोकाठ भरली तर तिच्यात सुमारे ८८ लिटर पाणी मावतं. म्हणजे नुसतं पाणीच ८८ किलो, वर काच आणि खडे. टीव्हीच्या हलक्या टेबलावर ती ठेवू नका. मजबूत, सपाट लोखंडी घोडी घ्या आणि टाकीखाली थर्माकोलचा तक्ता अंथरा, म्हणजे काचेवर एकाच जागी ताण येत नाही. खिडकीतलं ऊन अंगावर येईल अशी जागा टाळा. उन्हाने पाणी तापतं आणि शेवाळ माजतं.

पण आमच्या सोलापूरसारख्या गावात गोल्डफिशपेक्षा गप्पी, मॉली किंवा झेब्रा डॅनिओ बरे, असं मी नेहमी सांगतो. गोल्डफिशला थंड पाणी मानवतं, आणि उन्हाळ्यात आपला पारा चाळिशी ओलांडतो. झेब्रा डॅनिओ तर आपल्याच देशातला मासा. अंगावर निळसर पट्टे, चपळ, काटक आणि स्वस्त. जगभरच्या प्रयोगशाळांत शास्त्रज्ञ ज्याच्यावर संशोधन करतात, तो हाच. दोन फुटी टाकीत सहा-सात डॅनिओंचा थवा ठेवा, तासन्‌तास नजर हटणार नाही. गप्पी घेतले तर नुसते नर घ्या. मादी साधारण महिन्याला पिल्लं देते, आणि नर नसला तरी आधीच्या संगावर पुढे बऱ्याचदा देत राहते. सहा महिन्यांत टाकीची चाळ होते.

हल्ली मोठ्या शहरांत न्यूट आणि अॅक्सोलॉट्ल यांची फॅशन येऊ घातली आहे. पाण्यात राहणारे, पालीसारखी शेपूट असलेले, पण बेडकाच्या नात्यातले हे प्राणी. दिसायला मोठे मजेशीर. त्यांना वीस अंशांच्या आतबाहेर गार पाणी लागतं. महाराष्ट्राच्या उन्हाळ्यात पाणी थंड करणारं यंत्र चोवीस तास चालवायची तयारी नसेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नये. आपल्या दार्जिलिंगच्या डोंगरातला न्यूट तर कायद्यानेच संरक्षित आहे, त्याला घरी आणणं हा गुन्हा आहे.

आता दुकानात कसं बघायचं? पहिल्यांदा मासा बघू नका, टाकी बघा. एकही मेलेला मासा तळाशी असेल तर त्या टाकीतला जिवंत मासाही घेऊ नका, सगळ्यांचं पाणी एकच आहे. मग पाच मिनिटं नुसतं उभं राहा. निरोगी मासा पर ताठ पसरून, सरळ पोहतो. पर अंगाला चिकटवून कोपऱ्यात बसलेला, वर येऊन धापा टाकणारा, खड्यांना अंग घासणारा मासा नको. अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके, कापसासारखे पुंजके, फाटके पर, धुरकट डोळा, यांतलं काहीही दिसलं तर पुढे चला. खवले अननसाच्या सालीसारखे उभे राहिले असतील तर तो मासा फार दिवसांचा सोबती नाही. शेवटी दुकानदाराला चिमूटभर खाद्य टाकायला सांगा. जो धावत येतो तो घ्या. आणि माल आजच उतरला असेल तर आठवड्याने या. प्रवासाने दमलेल्यांपैकी कोण तगतं, ते तोवर कळतं.

एक विनंती मात्र कळकळीची. गुलाबी, जांभळे, पोपटी असे रंगवलेले मासे दुकानात दिसतात. त्यातल्या काहींना सुईने रंग टोचलेला असतो. काचमासा म्हणून एक पारदर्शक देशी मासा आहे, त्याच्या अंगात असा रंग भरून विकतात. काही महिन्यांत रंग विटतो, तोवर मासा टिकला तर. पोरं त्याच माशासाठी हट्ट धरतात. त्यांना समजावून सांगा. खरं कारण सांगितलं की पोरं ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

घरी आणल्यावर पिशवी न उघडता पंधरा-वीस मिनिटं टाकीच्या पाण्यावर तरंगू द्या. मग उघडून दर पाच मिनिटांनी टाकीतलं वाटीभर पाणी पिशवीत घाला. चार-पाच वाट्या झाल्या की जाळीने फक्त मासा उचला आणि सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका, दुकानातले रोग त्यातून येतात. त्या रात्री दिवा लावू नका, खाद्यही घालू नका. नव्या सुनेला पहिल्या दिवशी जरा निवांत बसू द्यावं, तसं.

खाद्याच्या बाबतीत आपण भारतीय फार प्रेमळ! घरातला प्रत्येकजण येता-जाता चिमूट टाकतो. दोन मिनिटांत संपेल एवढंच खाद्य दिवसातून एकदा, फार तर दोनदा. आठवड्यातून एक दिवस उपास. गोल्डफिशला तर जठरच नसतं. हावरेपणाने खातो आणि फुगतो. चार दिवस गावाला जायचं असेल तर मोठ्या माशांना उपाशी ठेवून जा. शेजाऱ्याच्या हाती डबा देऊन गेलात तर परतल्यावर काय दिसेल, सांगता येत नाही.

नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं. ते आपल्याला जंतूंपासून वाचवतं, पण माशाचे कल्ले आणि आपले ते कष्टकरी जिवाणू यांचा घात करतं. पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवलं की साधं क्लोरिन उडून जातं. पावसाळ्यात गढूळ पाणी येतं, तेव्हा त्याची मात्रा वाढवलेली असते. वासावरून लगेच कळतं. अशा वेळी क्लोरिन मारणारं औषध दुकानात मिळतं, ते लेबलावर लिहिल्याप्रमाणे घालावं.

उन्हाळा ही आपली खरी परीक्षा. पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी. वीस अंशांच्या लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांना साडेसातच. आणि गरम पाण्यात माशाला लागतो मात्र जास्त. त्यात वीज गेली की पंप बंद. मग मगभर पाणी उचलून वरून धार धरायची, दर अर्ध्या तासाने दहा-वीस वेळा. पाणी हलतं, हवा मिसळते. बॅटरीवरचा छोटा पंप स्वस्तात मिळतो, तो घरात असू द्या. झाकण काढून जाळी टाका, टेबलफॅन पाण्यावरून वाहू द्या. बर्फ थेट टाकीत नको, पाणी एकदम गार झालं तरी मासा आजारी पडतो.

पांढरे ठिपके आले तर घाबरू नका, पण आळसही करू नका. हा एक परजीवी आहे. माशाच्या कातडीखाली तो औषधाला दाद देत नाही. तिथून गळून तळाला जातो, त्याची शेकडो पिल्लं पाण्यात सुटतात आणि त्या अवस्थेतच ती औषधाने मरतात. म्हणून ठिपके दिसेनासे झाले की औषध थांबवायचं नाही, दहा-बारा दिवस पूर्ण करायचं. शक्यतो आजारी मासा वेगळ्या भांड्यात ठेवा आणि पहिलं औषध म्हणून पाणी बदला. माझ्या अनुभवात निम्मे आजार तेवढ्यानेच बरे होतात.

इथे कुणीतरी मला विचारेल, आणि विचारावंच, की ज्या गावात वर्षानुवर्षं तीन-चार दिवसांआड नळ आला, तिथे माशांसाठी पाणी कसलं सांडता? वजू करताना, समोर नदी वाहत असली तरी पाणी उधळू नये, अशी शिकवण मला लहानपणीच मिळाली आहे. म्हणून हिशेब सांगतो. ८८ लिटरच्या टाकीतून आठवड्याला काढायचं पाणी २२ लिटर, म्हणजे दीड बादली. ते गटारात जात नाही, कुंड्यांत जातं. त्यातलं नायट्रेट हे झाडांचं खतच आहे. माझ्या दारातला मोगरा त्याच पाण्यावर फुलतो. पाण्याचा खरा नास होतो तो दर आठवड्याला अख्खी टाकी उपसणाऱ्यांच्या घरी.

पुष्कळ मशिदींच्या हौदांत मासे असतात. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या जुम्मा मशिदीचा, झऱ्याच्या पाण्यावरचा हौद तर प्रसिद्ध आहे. ती मशीदच मुळात जुन्या तलावावर उभी आहे. तिथले मासे, कासवं येणारे-जाणारे कौतुकाने पाहतात. ना रंगीत दिवे, ना महागडं यंत्र. मग हौदातले मासे कसे टिकतात? पाणी भरपूर, वर सावली, माणसांच्या हातांनी सतत हलणारी पाण्याची कड, आणि पाण्याच्या मानाने मासे थोडे. माशाला काय लागतं, ते त्या हौदाकडे पाहिलं की कळतं. जुन्या माणसांनी मासा सांभाळला नाही, पाणी सांभाळलं. माशाने स्वतःला सांभाळलं.

आणि ज्यांचा हौस फिटला आहे त्यांना हात जोडून सांगणं आहे. नको झालेला मासा तलावात, नदीत सोडू नका. तुम्हाला ते पुण्य वाटतं, पण ते तसं नाही. काच साफ करतो म्हणून विकला जाणारा सकर मासा हा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. टाकीत बोटभर असतो, मग हातभर होतो आणि लोक त्याला पाण्यात सोडून देतात. कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळीत तो माजला आहे. आमच्या उजनीच्या जलाशयातही तो मच्छीमारांच्या जाळ्यांत येतो. अंगावर काटेरी कवच, त्याने जाळी फाटतात, आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. उजनीचं पाणी आम्ही पितो, उजनीच्या माशांवर शेकडो घरांची चूल पेटते. आपल्या बैठकीतली शोभा दुसऱ्याच्या ताटातला घास काढून घेत असेल तर ती शोभा कसली? मासा नको असेल तर दुकानदाराला परत द्या, दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या.

शेवटी मुलांबद्दल. सगळं नीट करूनही एक दिवस मासा मरतोच. पुष्कळ घरी आईबाप रातोरात तशाच रंगाचा दुसरा मासा आणून टाकीत सोडतात, पोराला कळू नये म्हणून. असं करू नका. आणि ‘संकट घेऊन गेला’ असंही सांगू नका. पोराला जवळ बसवा. पाणी तपासा, त्याच्यासमोर. मासा म्हातारा होता का, पाणी बिघडलं होतं का, खाद्य जास्त झालं का, मिळून शोधा. कुंडीतल्या झाडाखाली त्याला पुरू द्या. रडलं तर रडू द्या. जो जीव ओरडू शकत नाही, हात पकडू शकत नाही, त्याचं दुखणं ओळखायचं तर त्याच्या भोवतीच्या पाण्याकडे बघावं लागतं, एवढं त्या पोराला कळलं तरी टाकीचे पैसे वसूल झाले असं समजा. उद्या हेच पोर गावाच्या तलावाकडे, नदीकडे बघेल, तेव्हा वर तरंगणारे मासे बघून ते नशिबाला बोल लावणार नाही. पाण्यात काय मिसळलं, असं विचारेल.

असं विचारणारी माणसं आपल्याला हवी आहेत.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)